वाऱ्याची जुनी वाट

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ५०,००० चौरस किलोमीटरहून मोठ्या प्रदेशावर वाळूच्या टेकड्या आहेत. आज त्या गवतानं झाकलेल्या आहेत, त्यांवर गुरं चरतात. पण गवताखाली वाळूच आहे, आणि ती एके काळी चालत होती. ८०० ते १,००० वर्षांपूर्वी तिथलं गवत करपलं, वाळू मोकळी झाली आणि वाऱ्यानं तिच्या लांबच लांब रांगा घातल्या. संशोधकांनी या रांगांची दिशा मोजून हिशेब मांडला, तेव्हा तो जुळेना. आजचे वारे त्या वाळूवर सोडले तर रांगा अशा पडतच नाहीत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की त्या काळी वसंतात आणि उन्हाळ्यात तिथं आजच्यासारखा दक्षिणेचा वारा येत नव्हता, नैऋत्येचा येत होता.

ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. दक्षिणेचा वारा मेक्सिकोच्या आखातावरून निघतो आणि बाष्प घेऊन पोचतो. नैऋत्येचा वारा कोरड्या जमिनीवरून येतो आणि कोरडाच पोचतो. वारा कोनात थोडा वळला, तेवढ्यानं कुरणाचं वाळवंट झालं.

मराठीत ‘वारं फिरलं’ म्हणजे दिवस पालटले. भाषेला जे ठाऊक आहे ते धोरण आखणाऱ्यांच्या हिशेबात मात्र दिसत नाही. हवामानबदलावरची जगभरातली चर्चा तापमानाभोवती फिरते. दीड अंश की दोन अंश, यावर परिषदा होतात, करार होतात. तापमान महत्त्वाचं आहेच. पण पाऊस कोणत्या जमिनीवर पडायचा, समुद्रानं किती उष्णता पोटात घ्यायची, धूळ कुठून उठून कुठं बसायची, हे ठरतं वाऱ्यावर. आणि वाऱ्याबद्दल आपण बहुतेक वेळा असं वागतो, जणू तो आहे तसाच राहणार आहे. हे गृहीतक सोडावं, असं माझं म्हणणं आहे. गेल्या काही हजार वर्षांत वारे कुठून कुठं सरकले याचा पुरावा आज हाताशी आहे. तो पुढच्या पन्नास-शंभर वर्षांच्या आखणीत आला पाहिजे, आणि तो जपण्याचा खर्च समाजानं उचलला पाहिजे.

वारा मोजायची आपली मुदत किती थोडी आहे, ते पाहा. फिरत्या वाट्यांचं वायुवेगमापक यंत्र १८४६ सालचं. समुद्रावरचा वारा उपग्रहातून सलग मोजला जाऊ लागला तो १९९०च्या दशकात. पवनऊर्जेच्या प्रकल्पासाठी ज्या तयार माहितीसाठ्यांवर भिस्त असते, ते फार तर काही दशकं मागे जातात. या काही दशकांतही वारा स्थिर नव्हता. १९८०च्या आसपासपासून जमिनीलगतचा वारा जगाच्या बऱ्याच भागांत मंदावत गेला, आणि २०१०च्या सुमारास तो कल उलटून वारा पुन्हा जोर धरू लागला. पवनचक्कीला मिळणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग १० टक्क्यांनी घटला तर शक्ती २७ टक्क्यांनी घटते. पवनचक्की वीस-पंचवीस वर्षं चालते, तिच्यासाठी टाकलेल्या वीजवाहिन्या त्याहून जास्त. चाळीस वर्षांच्या नोंदीवरून चाळीस वर्षांचा अंदाज बांधायचा आणि ती नोंद एखाद्या दीर्घ लाटेच्या चढावर आहे की उतारावर, हे विचारायचंच नाही, याला नियोजन म्हणता येत नाही.

पण जुना वारा कळणार कसा? अडचण खरी आहे. पावसाचं पाणी मुरतं, थंडीची खूण झाडाच्या वर्तुळात राहते. वारा स्वतः काहीच मागे ठेवत नाही. त्यानं जे उचललं, ढकललं, ढवळलं, तेवढंच उरतं. म्हणून हा शोध नेहमी दुसऱ्याच्या साक्षीवर चालतो. साक्षीदार मात्र फार देखणे आहेत.

वाळूचा कण घ्या. कण गाडला गेला की आजूबाजूच्या मातीतल्या सौम्य किरणोत्सर्गामुळे त्याच्या स्फटिकात ऊर्जा साठत जाते. उजेड लागला की ती सुटते आणि घड्याळ शून्यावर येतं. टेकडीच्या पोटातला कण अंधारातच बाहेर काढायचा, प्रयोगशाळेत त्यावर ठरावीक प्रकाश टाकायचा आणि तो किती चमकतो ते मोजायचं. त्यावरून त्यानं शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं, म्हणजे टेकडी कधी थांबली ते कळतं. नेब्रास्काच्या टेकड्यांचं वय असंच निघालं. दिशा टेकडीनं सांगितली आणि काळ कणानं.

चीनच्या लोएस पठारावर हिवाळी वाऱ्यांनी आणून टाकलेल्या धुळीचे थर शेकडो मीटर जाड आहेत आणि सुमारे २६ लाख वर्षं मागे जातात. कण भरड असतील तर वारा जोराचा, बारीक असतील तर मंद. ग्रीनलंडच्या बर्फातली धूळ रासायनिक ठशांवरून पूर्व आशियातल्या वाळवंटांतली निघाली आणि अंटार्क्टिकातली बरीचशी दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियाची. दक्षिण महासागरातल्या मॅक्वेरी बेटावरच्या तळ्यांच्या गाळात समुद्राच्या फवाऱ्याचं मीठ साठलं आहे, आणि त्यावरून तिथल्या पश्चिमी वाऱ्यांचा सुमारे १२,००० वर्षांचा चढउतार मांडला गेला आहे. अशी उदाहरणं बरीच आहेत. मला त्यांतल्या दोन साक्षींपाशी जास्त थांबायचं आहे.

पहिली अरबी समुद्राच्या तळाची. जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर, मोठ्या वेगानं वाहतात. त्यांच्या रेट्यानं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर जातं आणि त्याच्या जागी खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. या पाण्यात ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ नावाचा एक सूक्ष्म, कवचधारी जीव भरभरून वाढतो. तो एरवी थंड समुद्रांत राहणारा. उष्ण कटिबंधात तो इतका दिसतो, तो या वाऱ्याच्या कृपेनं. मेल्यावर कवचं तळाशी बसतात. गाळाच्या एकेका थरात या कवचांचं प्रमाण किती ते मोजलं, की मोसमी वाऱ्याच्या जोराचा आलेख हाती येतो. अनिल गुप्ता, डेव्हिड अँडरसन आणि जोनाथन ओव्हरपेक यांनी २००३ साली ओमानजवळच्या गाळावरून असा आलेख मांडला. साधारण दहा हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराला मोसमी वारे जोरात होते, नंतर हळूहळू उतरत गेले, आणि त्या उतरणीत मध्येच कित्येकदा झपकन मंदावले. हे झटके उत्तर अटलांटिक थंडावल्याच्या काळांशी जुळतात. याच गटाच्या आदल्या वर्षीच्या अभ्यासात, १६०० सालच्या सुमाराला तळ गाठलेले हे वारे नंतरच्या चार शतकांत पुन्हा वाढत गेलेले दिसतात.

ही उतरण का झाली, याचं उत्तर पृथ्वीच्या डुलण्यात आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो आणि तिची कक्षाही सावकाश फिरते. आज आपण सूर्याच्या सर्वांत जवळ असतो ते जानेवारीत. ११,००० वर्षांपूर्वीच्या सुमाराला ते उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात घडत होतं. जमीन जास्त तापली, समुद्रावरचे ओले वारे आतवर ओढले गेले, आणि सहारात तळी, गवत, पाणघोडे आणि गुराखी आले. खडकांवरच्या चित्रांत ते आजही दिसतात. सुमारे ५,००० वर्षांपूर्वीपर्यंत तो काळ ओसरला. आज जिथं वाळू आहे तिथं पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणारी माणसं होती. त्यांनाही आपला पाऊस कायमचाच वाटला असणार.

दुसरी साक्ष प्रवाळाची आहे आणि मला ती सर्वांत आवडते. पॅसिफिकमध्ये किरिबाती देशाचं तारावा हे कंकणद्वीप आहे. त्याचं आतलं खाजण पश्चिमेकडे उघडं आहे. तिथं नेहमीचा वारा पूर्वेचा, व्यापारी वारा. त्याच्या आड बेटांची भिंत असल्यामुळे खाजण शांत राहतं. पण व्यापारी वारे ढिले पडले आणि पश्चिमेचा वारा सुटला, की लाटा आत शिरतात, तळाचा गाळ ढवळला जातो आणि त्यातलं मँगनीज पाण्यात मिसळतं. जवळचा प्रवाळ वाढता वाढता ते आपल्या सांगाड्यात घेतो. प्रवाळाच्या पट्ट्यांत मँगनीज जास्त, तर त्या वेळी पश्चिमेचा वारा. वाऱ्याची दिशा धातूच्या रूपानं लिहून ठेवणारी ही वही २०१५ साली वाचली गेली. १९१० ते १९४० या काळात जगाचं तापमान जोरानं वाढलं तेव्हा व्यापारी वारे कमजोर होते, आणि नंतर ते बळावले तेव्हा वाढ मंदावली.

हे विशेष आहे, कारण एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तापमानवाढ काही काळ संथ झाली तेव्हा जगभर गदारोळ झाला. हवामानबदल थांबला, शास्त्रज्ञ चुकले, असं पुष्कळांनी लिहिलं. त्या वर्षांत पॅसिफिकचे व्यापारी वारे असाधारण जोरात होते आणि ते उष्णता समुद्राच्या पोटात ढकलत होते. वारे उतरले तेव्हा तापमान पुन्हा झपाट्यानं चढलं. वाऱ्याचा जुना इतिहास लोकांसमोर असता तर त्या दहा-पंधरा वर्षांत इतका बुद्धिभेद झाला नसता, असं मला मनापासून वाटतं. माहितीच्या अभावाची किंमत केवळ प्रयोगशाळेत मोजली जात नाही.

काही साक्षी माणसानं स्वतः लिहिल्या आहेत. स्पेनची गलबतं मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून मनिलाला जात. १५९० ते १७५० या काळातल्या त्यांच्या प्रवासाचे दिवस मोजले, तर सतराव्या शतकाच्या मध्याला याच प्रवासाला शतकाच्या सुरुवातीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त वेळ लागत होता. बोटी तशाच होत्या, मार्गही तोच. पॅसिफिकवरच्या वाऱ्यांची मांडणी बदलली होती, हे त्याचं सर्वांत पटणारं कारण. १७५० नंतरच्या शंभर वर्षांतल्या स्पॅनिश, डच, इंग्रज आणि फ्रेंच जहाजांच्या रोजनिश्या पुढे एका युरोपीय प्रकल्पात एकत्र केल्या गेल्या. खलाशांनी वाऱ्याचं वर्णन शब्दांत केलेलं. चार भाषांतल्या त्या शब्दांचे अर्थ लावून, कोश करून, त्यांचं बोफर्टच्या, म्हणजे वाऱ्याचा जोर पायरीपायरीनं सांगणाऱ्या मोजपट्टीवर रूपांतर करावं लागलं. भाषेच्या अभ्यासकाला हवामानशास्त्रात केवढं काम आहे, ते यावरून दिसतं.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप: ही सगळी अप्रत्यक्ष साक्ष, तिच्यावर किती विसंबायचं? आक्षेप रास्त आहे. ग्लोबिजेरिनाची कवचं मुळात पाणी वर आल्याचं सांगतात, वाऱ्याचं नव्हे. टेकडी चालायला वाऱ्याइतकीच मोकळी वाळू लागते. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, दक्षिण गोलार्धाचे पश्चिमी वारे विषुववृत्ताकडे सरकले होते, की जोरात होते, की जागच्या जागीच होते, यावर जाणकारांत आजही वाद आहे, कारण तोच पुरावा एकाहून जास्त तऱ्हांनी लावता येतो. पण एक साक्षीदार डळमळीत असेल तर न्यायालय बंद करत नाहीत, आणखी साक्षीदार बोलावतात. धूळ, मीठ, प्रवाळ आणि रोजनिशी यांना परस्परांची माहिती नसते. ते एकच गोष्ट सांगू लागले तर ती ऐकावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: हवामानाची संगणकी प्रारूपं आहेत, मग गाळ कशाला उपसायचा? तर प्रारूपं खरी की खोटी हे तपासायचं कशावर? हिरव्या सहाराचंच पाहा. पृथ्वीची तेव्हाची कक्षा प्रारूपात घातली की मोसमी वारे उत्तरेकडे सरकतात खरे, पण बहुतेक प्रारूपांत ते पुरेसे आत शिरत नाहीत. गाळ आणि परागकण जितका पाऊस सांगतात तितका पडत नाही. हा फरक सापडला तो जुना पुरावा होता म्हणूनच. ज्या प्रारूपाला भूतकाळातला मोठा बदल नीट उभा करता येत नाही, त्यानं पुढच्या बदलाचा आकार कमी दाखवला तर तो धोका आपल्याला परवडेल का?

आणि वारे आता केवळ निसर्गाच्या हिशेबानं फिरत नाहीत. दक्षिण ध्रुवावरच्या ओझोनच्या विवरामुळे तिथलं वरचं वातावरण थंडावलं आणि दक्षिण गोलार्धाचे पश्चिमी वारे ध्रुवाकडे सरकले. त्यात हरितगृह वायूंची भर पडली. बर्फाच्या गाभ्यावरून (बर्फात खोल छेद घेऊन काढलेल्या लांब नमुन्यावरून) आणि इतर नोंदींवरून २०१४ साली काढलेला निष्कर्ष असा, की ही सरकण मोजणारा निर्देशांक गेल्या हजार वर्षांत कधीच आजच्याइतका वर नव्हता. हजार वर्षांची पट्टी हाती नसती, तर ही नेहमीचीच हेलकाव्याची गोष्ट आहे असं सहज म्हणता आलं असतं. दुसरी बाजूही आहे. १९८७च्या माँट्रियल करारानं ओझोन नष्ट करणारी रसायनं आवरली, आणि २००० सालानंतर या वाऱ्यांची सरकण थबकल्याचं २०२० साली दाखवलं गेलं. माणसांनी एका कागदावर सह्या केल्या आणि अर्ध्या पृथ्वीचे वारे थबकले. सार्वजनिक निर्णयाचा इतका थेट परिणाम दुसरीकडे क्वचितच दिसतो.

म्हणूनच सूर्यप्रकाश अडवून पृथ्वी थंड करायच्या योजनांबद्दल मला काळजी वाटते. वातावरणाच्या वरच्या थरात गंधकाचे सूक्ष्म कण फवारायचे, असा तो प्रस्ताव. त्यानं सरासरी तापमान उतरेलही. पण विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा, जिथं दोन्ही गोलार्धांचे व्यापारी वारे भेटतात, तो नेहमी जास्त उबदार गोलार्धाकडे सरकतो. पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या तळ्यांचा गाळ सांगतो, की साधारण १४०० ते १८५० या थंड काळात तो तिथं आजच्यापेक्षा सुमारे ५०० किलोमीटरपर्यंत दक्षिणेला होता. १७८३ साली आइसलंडमध्ये लाकीचा उद्रेक झाला, उत्तर गोलार्ध गंधकाच्या धुक्याखाली थंडावला, आणि त्याच वर्षी नाईलचा पूर फार कमी आला; आफ्रिकेवरचे मोसमी वारे मंदावल्यामुळे. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या साहेलच्या, म्हणजे सहाराच्या दक्षिणेला लागून असलेल्या पट्ट्याच्या, दुष्काळातही उत्तरेकडच्या कारखान्यांच्या धुराचा वाटा असल्याचं अनेक अभ्यास सांगतात. एखाद्या देशानं किंवा गटानं आपल्या गोलार्धापुरती सावली धरली, तर दुसऱ्या कुणाच्या तरी शेतावरचा वारा फिरेल. अशा योजनेची चर्चा ‘किती अंश थंड होईल’ एवढ्यावर चालू देता कामा नये. कुणाचा वारा कुठं जाईल, हा पहिला प्रश्न असायला हवा, आणि त्याचं उत्तर शोधताना गाळाची आणि बर्फाची साक्ष काढल्याशिवाय परवानगीचा विषयही निघू नये.

आता खर्चाचं. ओमानजवळचा जो गाळ २००३ साली मोसमी वाऱ्याबद्दल बोलला, तो समुद्राच्या तळातून १९८७ साली काढलेला होता. ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजानं तो काढला, कोठारात जपून ठेवला गेला, आणि सोळा वर्षांनी कुणीतरी त्याला नवा प्रश्न विचारला. जपून ठेवण्याचं मोल ते हेच. १९८५पासून जगाचे समुद्रतळ वाचणाऱ्या या जहाजाचा निधी अमेरिकेनं थांबवला आणि २०२४ साली त्याची शेवटची संशोधन सफर झाली. त्याची जागा घेणारं तसं जहाज अमेरिकेनं उभं केलेलं नाही. पवनऊर्जेवर, बंदरांवर, धरणांवर जग जेवढा पैसा घालतं, त्याच्या तुलनेत हा खर्च फार थोडा होता. ज्या प्रकल्पांची सगळी मदार वाऱ्यावर आणि पावसावर आहे, त्यांच्या खर्चातला एक छोटा, ठरावीक वाटा या नोंदी काढण्यासाठी आणि जपण्यासाठी कायद्यानं राखून ठेवावा, असं मी म्हणेन. आणि त्यातून निघालेली माहिती कुलूपबंद न राहता सर्वांना मोकळी असावी.

समुद्राचा गाळ निदान वाट पाहतो. बर्फ वाट पाहत नाही. पेरूमधल्या केल्काया हिमटोपीतून १९८३ साली काढलेल्या गाभ्यांत सुमारे १,५०० वर्षांचे थर होते, वर्षावर्षाची धूळ वेगळी ओळखू येत होती. दहा वर्षांच्या आत तिथं पुन्हा नमुने घेतले, तेव्हा वितळलेलं पाणी वरच्या थरांत झिरपून ऋतूंच्या खुणा पुसट झाल्या होत्या. आल्प्समधल्या ग्राँ कोंबँ या शिखराखालच्या हिमनदीवर संशोधक २०१८ साली गेले आणि त्यांनी १४ मीटरचा नमुना काढला. हवेतून येऊन बसलेल्या कणांची नोंद त्यात शाबूत होती. पुढच्या पिढ्यांसाठी खोल गाभा काढून अंटार्क्टिकात ठेवायचा, या तयारीनं ते २०२० साली परत गेले. मधल्या दोन वर्षांत ती नोंद धुऊन गेली होती.